वस्तादांचा हात

काकींचा बाप रफूगार होता. कोटाच्या बाहीला सिगारेटनं पडलेलं भोक तो असं बुजवायचा, की कोटाच्या मालकालाच ते शोधत बसावं लागे. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा. त्यात बाप आणि लेक गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. "डोळे मीट आणि बोट फिरव," बाप सांगायचा. "धागा कुठे तुटलाय ते डोळ्यांना उशिरा कळतं." एवढं शिकून काकी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तालमीत आल्या. त्याला विद्या म्हणावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. विद्या होती ती नवऱ्याकडे.

नवरा वस्ताद. लाठी, पट्टा, कुस्ती आणि नुसत्या हातांनी माणूस लोळवायचे डाव, हे सगळं त्यांच्या घरात बापआजापासून चालत आलेलं. पुढच्या दालनात माती, भिंतीला टेकवलेल्या लाठ्या, छताला टांगलेला चढायचा दोर. मागच्या खोलीत उपचार. "ज्याला मोडता येतं, त्यालाच जोडता येतं," हे वस्तादांचं ठरलेलं वाक्य. त्या खोलीत एक उंच बाकडं होतं. पालथं झोपणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून त्याला डोक्याकडे भोक पाडलेलं. शेगडीवर तेलाचं भांडं, फळीवर बांबूच्या कामट्या आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्या, आणि भिंतीवर कापडावर रंगवलेला एक उघडा माणूस. त्याच्या अंगावर एकशेसात लाल ठिपके. ही मर्मं. वस्तादांना एकूण एक नावं तोंडपाठ. इथे दाबलं तर दुखणं उतरतं, इथे मारलं तर माणूस उठत नाही, असं ते छडीनं दाखवत आणि नवी पोरं आ वासून ऐकत.

पण वस्तादांचा अंगठा म्हणजे वरवंटा. मोडायला उत्तम. जोडायला बसले की रोगी बाकडं सोडून पळायच्या बेतात. काकी तेव्हा फक्त तेल गरम करून द्यायच्या. मग बायका येऊ लागल्या, तेव्हा मधे पडदा आला. वस्ताद पडद्याबाहेर उभे राहून मर्माचं नाव सांगणार, काकी आत दाबणार. पाचसहा महिन्यांत बाहेरून नाव यायच्या आधीच बोट तिथे पोचायला लागलं. कधी काकी आतून म्हणायच्या, "अहो, तिथे नाही, दोन बोटं खाली आखडलंय." पहिल्यांदा वस्ताद चिडले. मग त्यांनी खात्री करून घेतली आणि मग त्यांना त्याचा अभिमानच वाटायला लागला. मान धरलेला बेकरीवाला एकदा काकींच्या हातून बरा होऊन उठला, तेव्हा वस्ताद सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "हात तिचा, विद्या माझी. निम्मे निम्मे."

ती वर्षं काकींच्या आयुष्यातली चांगली वर्षं. त्यांना ते तेव्हा कळलं नाही, आपल्याला कुठे कळतं?

लग्नानंतर सात वर्षांनी मुलगी झाली. साखरेचा डबा कितीही उंच ठेवा, मुंगी जशी पोचतेच, तशी ही पोर कुठेही चढायची, म्हणून मुंगी. वस्तादांचा जीव की प्राण. "माझ्यामागे ही तालीम चालवणार," ते म्हणायचे. कुणी म्हटलं, मुलगी आहे, तर म्हणायचे, "मग? आईचे हात आणि बापाची विद्या. तुझ्या चार मुलांना पुरून उरेल."

मुंगी सात वर्षांची असताना दोरावरून पडली. उजवा हात खाली आला आणि कोपराशी विचित्र कोनात वळून राहिला. काकी धावल्या तोवर वस्तादांनी तिला उचलून बाकड्यावर ठेवलंही होतं.

"दवाखान्यात नेऊ या," काकी म्हणाल्या.

"कुणाच्या? माझ्या?" वस्तादांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"अहो, कोपर आहे. लहान हाड."

"माझ्या पोरीचा हात मी दवाखान्यात नेला, तर उद्या हातपाय मोडलेला माणूस माझ्या दारात कशाला येईल?" आणि त्यांनी थोरल्या शिष्याला हाक मारली. हा शिष्य तेव्हा बावीस वर्षांचा, अंगानं एवढा अगडबंब की तालमीत त्याला हत्तीच म्हणत. हत्तीनं मुंगीचा खांदा धरला, वस्तादांनी मनगट धरून ओढलं, कट्ट असा आवाज झाला आणि पोर बेशुद्ध झाली. मग चार कामट्या, वर लेपात भिजवलेली पट्टी. लेप वाळला की दगड होतो. वस्तादांनी पट्टी आवळून बांधली, पोटच्या पोरीचा हात म्हणून एक वेढा जास्तच.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे परवाच, तालमीला मान्यता द्यायची की नाही ते बघायला सरकारी समिती येणार होती. वस्ताद ती वाट सहा वर्षं बघत होते.

संध्याकाळी मुंगी शुद्धीवर येऊन रडायला लागली. काकी तिच्या उशाशी बसल्या, पट्टीबाहेर आलेली तिची बोटं हातात घेऊन. बोटं गार होती. फरशीला हात लागावा तशी. काकींनी डोळे मिटले आणि पुन्हा चाचपून बघितली. मग उठून पुढे गेल्या.

"अहो, बोटं गार पडलीत. जरा सैल करू का?"

वस्ताद लाठ्यांना तेल लावत होते. "सैल केलं की हाड सरकतं."

"एकच वेढा."

"अगं, तुला रफू कळतं. हाड कळत नाही."

काकी परत येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मुंगीची नखं जांभळट दिसायला लागली. ती इतकी रडली की आवाज बसला. काकींनी तिला मांडीवर घेतलं, फुंकर घातली, गोष्टी सांगितल्या. कात्री समोरच्या फळीवर होती. काकींची नजर दिवसभरात त्या कात्रीकडे शंभर वेळा गेली आणि शंभर वेळा परत आली. हा माणूस तीस वर्षं हाडं बसवतोय, त्याला कळत नसेल का, असं त्यांनी मनाला सांगितलं. बोटांना मात्र कळत होतं. बोटांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंगी रडायची थांबली. आणि काकींना, हे त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही, काकींना बरं वाटलं. उतार पडला, असं वाटलं. त्यांनी पोरीला दूध पाजलं, केस विंचरले. मग सहज तिच्या करंगळीला चिमटा काढला. मुंगी आईच्या तोंडाकडे बघत होती. काकींनी जोरात, नख रुतवून चिमटा काढला. मुंगी तशीच बघत राहिली.

"कळतंय का गं?"

"काय?" मुंगीनं विचारलं.

पुढच्या दालनात समिती येऊन बसली होती. वस्ताद लाठी फिरवत होते, टाळ्या वाजत होत्या. काकींनी कात्री घेतली. लेप कापताना कात्रीचं एक पातं वाकलं. आतली कातडी पाण्यानं टरारलेली होती. पोरीला खांद्यावर टाकून काकी मागच्या दारानं निघाल्या, तेवढ्यात पाणी प्यायला आत आलेल्या हत्तीनं त्यांना बघितलं. त्यानं काही न विचारता मुंगीला उचललं आणि दवाखान्याच्या दिशेनं पळत सुटला. काकी त्याच्यामागे.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं हात बघितला, दाबला, नखं बघितली, आणि मग काकींकडे असं बघितलं की काकींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती तास होतं हे?"

"तीन दिवस."

"तीन दिवस! कुणी बांधलं?"

हत्ती शेजारीच उभा होता. तिकडे तालमीत समिती बसलेली. वस्तादांचं नाव इथे कागदावर चढलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तालमीला कुलूप. हे सगळं काकींच्या डोक्यात शब्दांनी आलं असेल असं नाही. त्यांच्या तोंडातून निघालं, "मी."

"तुम्ही?"

"घरीच बांधलं. मला वाटलं, लचक आहे."

डॉक्टरनं तसं लिहून घेतलं. मग तो बोलायला लागला आणि बराच वेळ बोलत राहिला. आई आहात का कोण आहात, इथपासून सगळं. संध्याकाळी वस्ताद आले, तेव्हा डॉक्टरनं त्यांच्यादेखत काकींना पुन्हा एकदा तेच सगळं ऐकवलं. वस्ताद पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. काकींनी त्यांच्याकडे बघितलं. वस्तादांनी मान खाली घातली. जिना उतरताना, कुणी ऐकत नाही असं बघून ते एवढंच म्हणाले, "चांगलं केलंस."

तालमीला मान्यता मिळाली. मुंगीचा हात कापावा लागला नाही, हेच नशीब, असं सगळे म्हणाले. तीन वेळा चिराचिरी झाली. हाड जुळलं, हात राहिला, पण आतलं मांस मेलं होतं. बोटं तळव्याकडे वळून आकसली, पक्ष्याच्या पंज्यासारखी, आणि पुन्हा उघडली नाहीत.

बातमी काय, वाऱ्यावर पसरते. वस्तादांच्या बायकोनं स्वतःच्या पोरीचा हात घालवला. बाकड्यावरच्या बायका काकींचा हात लागताच उठून बसायला लागल्या. "वस्तादांनाच बोलवा," म्हणायला लागल्या; पडद्याची लाजही गेली. मग वस्ताद दाबायला लागले आणि दोन महिन्यांत सगळ्यांना कळून चुकलं, की वस्तादांचा हात पहिल्यासारखा राहिला नाही. पोरीच्या दुःखानं खचले बिचारे, असं लोक म्हणाले.

यावर तोड वस्तादांनीच काढली. रोगी पालथा झोपणार. तोंड भोकात, नजर जमिनीवर. वस्ताद डोक्याशी उभे राहणार, भोकातून त्यांचे पाय दिसणार, वरून त्यांचा आवाज येणार. "ही मानेची शीर. आता इथे येऊ. श्वास सोडा." आणि काकी अनवाणी पावलांनी मागच्या दारातून येऊन दाबणार. काम झालं की तशाच निघून जाणार. रोगी उठून बसला की समोर वस्ताद, हात पुसत.

"वस्ताद, काय हात आहे!" बेकरीवाला म्हणायचा. "कोण म्हणतं तुमचा हात गेला?"

"हं," वस्ताद म्हणायचे.

हे असं एकवीस वर्षं चाललं. निम्मे निम्मेची भाषा वस्तादांनी पुन्हा कधी काढली नाही. काकींच्या पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी खोलीत जाड चटई तेवढी आणून टाकली. मधल्या काळात त्यांना एक मानपत्रही मिळालं. त्यात 'वस्तादांचा जादुई स्पर्श' असे शब्द होते. काकींनी ते स्वतःच्या हातानं खिळा ठोकून भिंतीवर लावलं.

आणि मुंगी? मुंगीला त्या दिवसांतलं काय आठवणार! पट्टी बांधली तेव्हा बेशुद्ध होती. तिच्या डोळ्यांसमोर राहिलं ते एवढंच, की हाताला दगडासारखी पट्टी आहे आणि त्या पट्टीवर आईचा हात आहे. सोळाव्या वर्षी तिला कपाटात दवाखान्याचा कागद सापडला. 'आईने घरी बांधले.' काकी स्वयंपाकघरात होत्या, मुंगी बाहेर वस्तादांपाशी गेली.

"बाबा, आईनं का बांधलं? तुम्ही घरात असताना?"

काकींनी हातातलं काम थांबवलं.

"जाऊ दे बेटा," वस्ताद म्हणाले. "तिनं काही मुद्दाम केलं नाही."

काकी तेव्हा बाहेर जाऊन बोलू शकल्या असत्या. उंबऱ्यापर्यंत गेल्याही. मुंगी बापाच्या खांद्याला डोकं लावून बसली होती. पोरीचा एक हात गेलाच आहे, आता बाप पण कशाला घालवायचा, असं म्हणून काकी मागे फिरल्या. त्या दिवसापासून मुंगीनं आईला अंगाला हात लावू दिला नाही. वेणी ती डाव्या हातानं आणि दातांनी घालायला शिकली. वाकडी यायची. तशीच शाळेत जायची.

पुढे मुंगीला बस स्थानकावर नोकरी लागली, गाड्यांच्या घोषणा करायची. एक बटण दाबायचं आणि बोलायचं; एका हाताचं काम. तिनं स्थानकाजवळच खोली घेतली. घरी यायची ती बापाला भेटायला. आईशी बोलणं 'पाणी दे' आणि 'येते' एवढंच. काकी कधी कधी भाजी आणायच्या निमित्तानं स्थानकावर जाऊन बाकावर बसायच्या. वरून लेकीचा आवाज यायचा. फलाट क्रमांक चार, गाडी सुटायच्या तयारीत आहे, प्रवाशांनी कृपया. किती गोड बोलायची! शेजारी बसलेल्या एका बाईंना काकी एकदा म्हणाल्या, "माझी मुलगी आहे." त्या बाईंना वाटलं, काकी कुणाची वाट बघतायत. "कुठल्या गाडीनं येतेय?" त्यांनी विचारलं.

वस्तादांना सदुसष्टाव्या वर्षी झटका आला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली, पण बोललेलं कळायचं. अडीच महिने ते अंथरुणावर होते. काकी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचे हातपाय चोळायच्या. एकशेसातपैकी एक जागा सोडली नसेल. चोळता चोळता एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, एक मागू?"

वस्तादांनी डोळे वळवले.

"मुंगीला सांगून टाका. मी काही तालमीच्या दारात जाऊन ओरडणार नाही. फक्त तिला."

वस्तादांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "सां... सांगतो."

मुंगी रोज कामावरून सुटून यायची, बापापाशी तासभर बसायची. काकी त्या वेळी मुद्दाम बाहेर जायच्या, म्हणजे त्यांना बोलायला अवघड जाऊ नये. परत येऊन लेकीच्या तोंडाकडे बघायच्या. काही नाही. चेहरा रोजचाच. "सांगितलंत?" त्या विचारायच्या. वस्ताद डोळे मिटून घ्यायचे. असे दिवस जात राहिले.

जायच्या आदल्या दिवशी वस्तादांनी दोघींना जवळ बोलावलं. श्वास अडकत होता. त्यांनी मुंगीचा तो आकसलेला हात आपल्या चांगल्या हातात घेतला. काकी पुढे सरकल्या.

"मुंगे," ते म्हणाले. "आईला... आईला माफ कर."

मुंगी ढसाढसा रडली. "करते, बाबा. तुम्ही म्हणताय ना, करते." आणि काकी पलंगाची दांडी धरून तशाच उभ्या राहिल्या. वस्तादांना काय म्हणायचं होतं, पुढचे शब्द जिभेवर आलेच नाहीत की आणायचेच नव्हते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

पंधरा दिवसांनी मुंगी बापाचे कपडे आवरायला आली. काकींनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दोर, कामट्या, कात्री, डॉक्टर. एकवीस वर्षांचं बाकडं मात्र सांगितलं नाही; ते त्या मानानं किरकोळ वाटलं.

मुंगीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "बाबा असताना का नाही बोललीस?"

"त्यांनीच सांगावं असं मला वाटत होतं."

"ते मरता मरता तुझ्यासाठी माझ्याकडे माफी मागून गेले. आणि तू? पंधरा दिवस नाही झाले, त्यांच्यावरच ढकलतेस? मेलेला माणूस उलटून बोलत नाही म्हणून?"

"हत्तीला विचार. त्यानंच खांदा धरला होता तुझा."

मुंगीनं विचारलं नाही. काकी स्वतः गेल्या. हत्ती आता चाळिशी ओलांडलेला, तालमीचा कारभार त्याच्याकडे. दारावरची वस्तादांच्या नावाची पाटी त्यानं नुकतीच नव्यानं रंगवून घेतली होती. काकींचं बोलणं ऐकून तो मातीकडे बघत उभा राहिला.

"काकी, मी सगळं पाहिलंय. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग तिला एवढंच सांग."

"आता कशाला? साठ पोरं आहेत इथे. त्यांचे आईबाप वस्तादांच्या नावावर पोरं पाठवतात. मुंगी रागाच्या भरात कुठे बोलली तर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि काकी, तुम्हीही काही कमी नाही लपवलंत. ते 'मी' तुम्हीच म्हणालात. मी नव्हतो म्हणालो."

काकी निघाल्या, तर हत्ती मागून आला. "काकी, सोमवारपासून बाकडं सुरू करू या. मी डोक्याशी उभा राहीन. पहिल्यासारखंच."

"तुझं तू दाब," काकी म्हणाल्या.

हत्तीनं महिनाभर दाबलं. मग त्यानं विजेवर थरथरणारं एक यंत्र आणलं. बेकरीवाला एकदा त्यावर झोपला आणि उठून म्हणाला, "वस्तादांबरोबर गेलं सगळं."

काकी मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. कुणाला चोळत नव्हत्या, कुणी बोलावतही नव्हतं. सव्वा वर्ष गेलं. एका दुपारी दार वाजलं, बघतात तर मुंगी. डावा हात पोटाशी धरलेला, वेणी नाही, केस नुसते मानेशी रबरात अडकवलेले.

"खांदा धरलाय," ती दारातच म्हणाली. "सात महिने झाले. सगळी कामं याच हातावर, डॉक्टर म्हणतात झिजणारच. सुया झाल्या, शेक झाला. बटण दाबायलासुद्धा हात उचलत नाही. शेवटी हत्तीकाकांकडे गेले होते."

"मग?"

"ते म्हणाले, यंत्रानं काही होणार नाही, आईकडे जा. मी म्हटलं, आईकडे कशाला? तर म्हणाले, वस्तादांचा हात म्हणजे तुझ्या आईचाच हात होता." मुंगी आत आली. "एवढंच म्हणाले आणि निघून गेले."

काकींनी सतरंजी घातली. मुंगी पालथी झोपली, तोंड भिंतीकडे. काकींनी तेल कोमट केलं. लेकीच्या पाठीला त्यांचा हात लागला तो चौदा वर्षांनी. कातडी ओळखीची नव्हती. खांद्याचं मांस पाटासारखं घट्ट झालेलं, पाठीचा कणा एका बाजूला ओढला गेलेला. एका हातानं सगळा संसार ओढणाऱ्या बाईची पाठ. काकींनी डोळे मिटले आणि गाठ शोधायला लागल्या.

"बाकड्यावर तू दाबायचीस?" मुंगीनं भिंतीला विचारल्यासारखं विचारलं.

"हो."

"आणि बाबा?"

"नावं सांगायचे."

"लोकांना कळायचं नाही?"

"पालथ्या माणसाला काय दिसतं?"

काकींना खांद्याच्या पात्याखाली जागा सापडली. त्यांनी अंगठा टेकवला आणि वजन सोडलं. मुंगीचा श्वास अडकला, मग सुटला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. मग दर आठवड्याला यायला लागली. हात कानापर्यंत जायला लागला, मग डोक्यापर्यंत. काकींना वाटायला लागलं, की बोलून जे झालं नाही ते हातांनी होईल. माणूस वेडा असतो. त्या एक दिवस जरा जास्तच हळुवारपणे चोळत असाव्यात. मुंगी एकदम म्हणाली, "आई, समज तू म्हणालीस ते सगळं खरं. बांधलं बाबांनी."

काकींचे हात थांबले.

"थांबू नकोस. मला एक सांग. माझी बोटं गार पडलीत, हे बाबांनी स्वतः हात लावून बघितलं होतं?"

"नाही. त्यांनी हातच लावला नव्हता नंतर."

"मग कुणाला कळलं होतं?"

खिडकीबाहेर पुढच्या मातीवर पोरं एका सुरात आकडे मोजत उड्या मारत होती. काकींनी तो आवाज जरा वेळ ऐकला.

"मला," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"पहिल्याच संध्याकाळी."

"आणि कात्री कुठे होती?"

"समोर."

"हं," मुंगी म्हणाली. वस्तादांसारखंच म्हणाली, बहुधा तिच्या नकळत. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकींना बरं वाटलं असतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की त्या दवाखान्यात आपण खोटं बोललो आणि त्या खोट्याचं ओझं वाहतोय. आता लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्यांना वाटलं, की डॉक्टरला आपण फार काही खोटं सांगितलं नव्हतं.

त्यांनी उरलेला खांदा चोळून पुरा केला. मुंगी उठली, पाठ फिरवून तिनं डाव्या हातानं एकेक बटण लावलं. आता तो हात चांगला चालत होता. काकींनी मदतीला हात पुढे केला नाही.

"बुधवारी ड्युटी आहे," मुंगी दारात चपला घालताना म्हणाली. "गुरुवारी येते."

"ये," काकी म्हणाल्या, आणि टॉवेल धुवायला मोरीत गेल्या.